उष्टी फुलं माझी, कोरी काकूंची

नाशिकच्या जुन्या कॉलन्यांमधून फिरताना एखाद्या फाटकावर अजूनही ती गोकर्ण दिसते. निळी नाही, पांढरीही नाही. पांढरं धोतर धुताना निळीचा थेंब जेमतेम लागावा तसा तिचा रंग. मी थांबतो आणि अंगणातल्या बाईंना विचारतो, ही वेल कुठून आणली. त्या सांगतात, "ही होय? ही काकूंची गोकर्ण." कोण काकू, ते त्यांना ठाऊक नसतं. मी मान हलवून पुढे निघतो, पण घरी पोचेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं. ती वेल माझ्या अंगणात उगवली होती. माती माझी, पाणी माझं. नाव मात्र शेजारणीचं लागलं.

मी मूळचा सायखेड्याचा. नदीकाठच्या मळ्यांमध्ये वांग्या-मिरचीची रोपं वाढवायला शिकलो आणि त्या शिदोरीवर शहरात आलो. सत्तर सालानंतरचे ते दिवस. नाशिकच्या द्वारका चौकात आज उभं राहायला जागा नाही, तेव्हा तिथे सकाळी धुकं असायचं आणि धुक्यात माझी हातगाडी. गाडीवर रोपं. नव्या बंगल्यांतली माणसं विचारायची बोगनवेल, मधुमालती, मनीप्लँट. ती मी ठेवायचोच, पण गाडीच्या पुढच्या कडेला आपल्याकडच्या वेली मांडायचो. लाल-काळ्या बियांची गुंज, गोकर्ण, अबईची वेल. पेठ तालुक्याकडच्या जंगलातून एकदा पळसवेलीचं बीही आणलं होतं. या सगळ्या एका घराण्यातल्या, शेंगांच्या. कुठेही चढतात, मागत काही नाहीत आणि ज्या मातीत उभ्या राहतात ती सुधारून जातात.

"अहो, ही तर कुंपणावरची गोकर्ण," बंगल्यातले साहेब म्हणायचे. "फुकट उगवते. हिचे पैसे घेता?"

"मग उगवू द्या की साहेब. मी पुढच्या वर्षी येतो बघायला."

एवढं बोलून मी गाडी वळवायचो. पाठ फिरवल्यावर मागे पाहायचं नाही, हे मी फार लवकर शिकलो. गल्लीच्या वळणापर्यंत हाक येते. नाही आली, तर ते गिऱ्हाईक आपलं नव्हतंच. आणि हाक आली की भाव पहिल्यापेक्षा वर गेलेला असतो, कारण आता गरज त्यांची असते. आंबेडकरी वस्तीतले एक शिक्षक मात्र घासाघीस न करता पांढऱ्या गोकर्णीची रोपं घेऊन गेले. विहाराच्या दारावर लावायची म्हणाले. त्या दिवशी मला करमेना. भांडणाशिवाय झालेली विक्री मला अजूनही अर्धवट वाटते.

हळूहळू गाडी सुटली. शहराच्या कडेला एक लांबट जागा घेतली, पुढे रोपवाटिका आणि मागे दोन खोल्या. वेली चढवायला बांबूचे मांडव घातले. त्या बांबूंना भुंग्यांनी भोकं पाडली. चांगले अंगठ्याएवढे काळे भुंगे. ऊन पडलं की त्यांच्या पंखांवर निळी-जांभळी झाक यायची. बांबूत शिरून ते आत काहीतरी कोरत बसायचे आणि खालच्या मातीवर पिवळा भुसा पडायचा. मी चिडून भोकं ओल्या मातीने लिंपायचो. दुसऱ्या दिवशी शेजारी नवीन भोक.

तेच भुंगे सकाळी गोकर्णीवर यायचे. गोकर्णीचं फूल तुम्ही नीट पाहिलं असेल तर लक्षात येईल, ते उलटं असतं. वाटाण्याच्या, घेवड्याच्या फुलाची मोठी पाकळी मागे उभी असते, पाठीला लावलेल्या तक्क्यासारखी. गोकर्णीने तीच पाकळी खाली अंथरलेली असते. भुंगा येतो, त्या निळ्या सतरंजीवर उतरतो आणि मधाच्या वाटेने डोकं आत घालतो. तेव्हा वरून फूल त्याच्या पाठीला हळूच टेकतं. बाहेर येतो तेव्हा त्याच्या काळ्या पाठीवर पिठाचं बोट लागलेलं असतं. त्याला त्याचा पत्ताही नसतो. ते पीठ घेऊन तो पुढच्या फुलावर जातो, तिथून पुढच्या. मी चहाचा कप हातात धरून हे बघत बसायचो आणि चहा गार व्हायचा. एरवी मला बसून राहणं कधी जमलं नाही.

अशाच एका पावसाळ्यात कुंपणाशी ती वेल आपोआप उगवली. माझ्याकडे पांढरी होती, निळी होती, त्यांचंच बी कधीतरी सांडलं असणार. श्रावणात पहिलं फूल आलं आणि मी बायकोला हाक मारली.

"लय फिकी हाय," ती म्हणाली. "आजारी पडली का काय?"

आजारी नव्हती. तसा रंग मी कुठेच पाहिला नव्हता. पहाटे नदीवर धुकं असतं आणि वर आभाळ उजळत असतं, तेव्हा दोन्हींच्या मधे जो रंग काही क्षण दिसतो, तो. मी लगेच मनात हिशेब मांडला. हिचं बी धरायचं आणि शहरभर हिची रोपं द्यायची. कुंपणावरची वेल म्हणून हिणवणारे सगळे साहेब मला वळणाच्या पुढे येऊन हाका मारतील.

अडचण कुंपणाची होती. मूळ माझ्या बाजूला, कुंपणाच्या खांबाच्या दगडाखाली. पण ऊन पलीकडे होतं, तेव्हा वेल तारेवरून चढून सगळीच्या सगळी पलीकडे ओणवली होती. आणि पलीकडे काकू राहायच्या.

काकू म्हणजे साठीच्या पुढची, बारीक चणीची, ताठ बाई. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सातपूरच्या कारखान्यात. घरात लहानशी महादेवाची पिंड आणि तिला रोज ताजी फुलं. अख्ख्या कॉलनीला काकूंच्या पूजेची धास्ती होती. उजाडायच्या आधी त्या हातात परडी आणि आकडी लावलेली काठी घेऊन निघायच्या आणि ज्याच्या दारी फूल असेल ते खुडून आणायच्या. देवासाठी नेलेल्या फुलाला आपल्याकडे कुणी चोरी म्हणत नाही. मी म्हणायचो.

आता तर फुलं त्यांच्याच अंगणात लोंबत होती. रोज पहाटे मी उठायच्या आत वेल साफ. फूलच राहत नाही तर शेंग कुठून धरणार? त्यातच कळलं की त्यांचा मुलगा दिवाळीनंतर तारेचं कुंपण काढून पक्की भिंत बांधणार आहे. म्हणजे वेल जाणार. मी तिचे फाटे छाटून मातीत रोवले, ते सगळे कुजले. मूळ हलवायचं तर ते दगडाखाली किती खोल गेलं होतं देव जाणे, आणि मोठी गोकर्ण उपटली की पुन्हा धरत नाही. भिंत व्हायच्या आत बी धरलं तर ती वेल राहणार होती, नाहीतर नाही.

एका पहाटे मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो.

"काकू, ही वेल माझी आहे."

"असेल की. मूळ तुझं, फुलं माझी." त्या खुडतच होत्या. "माझ्या अंगणात तुझ्या घरचा सूर्य येतो का? मग?"

"बी धरायचंय मला. थोडी फुलं सोडा."

"देवाला सांग तसं. मी काय, नुसती खुडणारी."

"निदान ऊन पडल्यावर खुडा. भुंगा तरी बसू दे."

काकू थांबल्या. माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं की जणू मी देव्हाऱ्यात चपला घालून शिरलो. "भुंग्याने तोंड घातलेलं फूल मी माझ्या महादेवाला वाहू? उष्टं? अरे, म्हणून तर मी अंधारात उठते. कोरं फूल लागतं त्याला."

तो शब्द ऐकला आणि माझ्यातला व्यापारी जागा झाला. समोरच्याला नको असलेला माल कोणता हे कळलं की सौदा अर्धा झालेला असतो.

"मग झालं तर," मी म्हटलं. "उष्टी माझी, कोरी तुमची. तुम्ही आंघोळ करून बाहेर येईपर्यंत भुंगा ज्यांच्यावर बसेल त्यांना हात लावायचा नाही. बाकीची खुशाल न्या."

"आणि एकावरही नाही बसला तर?"

"तर सगळी तुमची."

काकूंनी परडीत पाहिलं, वेलीकडे पाहिलं. "आंघोळ उजाडल्यावर करायची, असं काही तू म्हणाला नाहीस."

"उजाडल्यावरच. नाहीतर सौदा नाही."

"बरं बाबा," त्या म्हणाल्या. "व्यापारी आहेस खरा."

त्यानंतरच्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात निवांत सकाळी असतील, आणि त्या सगळ्या भांडणात गेल्या. मी भोकं पडलेला एक जुना बांबू मांडवातून सोडवून मुद्दाम कुंपणाला आणून बांधला, म्हणजे भुंगे घरातून बाहेर पडले की थेट वेलीवर. त्यांची भोकं लिंपणं मी केव्हाच थांबवलं होतं. भुंगा बसला की मी त्या फुलाच्या देठाला लाल दोऱ्याचा सैल वेढा द्यायचो. हे काकूंना दोनच दिवसांत खटकलं. त्या आंघोळ झटपट उरकून, ओले केस पाठीवर सोडून, पाट घेऊन कुंपणाशी येऊन बसायला लागल्या. माझ्यावर नजर ठेवायला.

"त्या फुलाला दोरा का बांधलास? तो बसला नाही त्यावर. नुसता जवळून गेला."

"वास घेतला त्याने."

"मग?"

"वास घेतलेलं फूल देवाला चालतं का, काकू?"

त्यांनी परडी मागे घेतली. ते फूल माझं झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उट्टं काढलं. म्हणाल्या, बसला तो भुंगा नव्हताच, माशी होती, आणि माशीशी आपला काही करार नाही.

बायको माझा चहा कुंपणावर आणून द्यायची आणि एक कप पलीकडे. "दोघं बी फुलं मोजीत बसा," ती म्हणायची. "मांडव मी शिंपते."

मग उन्हं यायची. पहिल्यांदा वरच्या पानांवर, मग एकेका फुलावर. फिकट फुलात ऊन शिरलं की पाकळी आतून पेटायची आणि रंग जवळजवळ नाहीसा व्हायचा. कुठल्यातरी बांबूतून गुणगुण सुरू व्हायची. तेव्हा आम्ही दोघंही बोलणं थांबवायचो. भुंगा वेलीसमोर हवेत लोंबकळत राहायचा, कुठलं फूल घ्यावं हे ठरवत. काकू मनातल्या मनात त्याला हाकलत असणार, मी बोलावत असणार. तो आमचं दोघांचंही ऐकत नव्हता. अशा वेळी मला वाटायचं, रोपवाटिका, गाडी, द्वारकेचा रस्ता हे सगळं मागे कुठेतरी धुक्यात राहिलंय आणि आपण या एका पाकळीच्या काठावर पाय सोडून बसलोय.

एकदा काकू स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "समुद्रातलं विष प्यायला ना तो, तेव्हा कंठ निळाशार झाला. पण ते पचून गेल्यावर कसा दिसत असेल? मला वाटतं, असाच." आणि हातातल्या फुलाकडे बघत बसल्या.

कार्तिक आला. माझ्या दोऱ्याच्या फुलांना चपट्या, हिरव्या शेंगा लोंबायला लागल्या. आणि एका सोमवारी सकाळी पाहतो तर वेलीवर जागोजागी पांढऱ्या पुरचुंड्या. काकूंनी संध्याकाळीच कळ्यांना जुन्या धोतराच्या मलमलीचे तुकडे बांधून टाकले होते. माझा पारा चढला.

"हे ठरलं नव्हतं, काकू."

"काय ठरलं होतं? भुंगा बसेल ते तुझं. बसला का?"

"बसायला जागा कुठे ठेवलीत?"

"कार्तिकातला सोमवार आहे. मला कोरी फुलं हवीत. तू तुझा बांबू आणून बांधलास, मी काही बोलले?"

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगतो की दोन्ही घरांतली माणसं बाहेर आली. काकूंनी शांतपणे एकेक पुरचुंडी सोडली, आतलं उमललेलं फूल परडीत ठेवलं आणि आत गेल्या. पुढचे दोन आठवडे आम्ही कुंपणाशी बसलो नाही. पुरचुंड्या मात्र बांधल्या जात राहिल्या.

मग घोटीहून काकूंच्या जावयाचा निरोप आला. लेकीचं दुसरं बाळंतपण, दिवस भरायच्या आधीच त्रास सुरू झाला, हलवता येत नाही. काकू नेसत्या वस्त्रानिशी निघून गेल्या. त्या नसतानाच, थंडी चांगली पडल्यावर, मुलाने गवंडी लावले. मी आधीच माझ्या वाळलेल्या शेंगा एकेक करून उतरवून घेतल्या होत्या. तरीही वेलीवर कुऱ्हाड पडली तेव्हा मी तिथे थांबलो नाही. नंतर बाहेर टाकलेला वाळका गुंता बायकोने चुलीसाठी उचलून आणला. त्यात एक मलमलीची पुरचुंडी अडकलेली होती. "काकूंचं फडकं हाय, आल्यावर देईन," म्हणून तिने ती तशीच फळीवर ठेवून दिली. मी त्या पुरचुंडीकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे माझं बी होतं, भुंग्याच्या साक्षीने मिळवलेलं.

काकू परत आल्या त्या नातवाचं उष्टावण उरकूनच. पेढे घेऊन आमच्याकडे आल्या, तेव्हा बायकोने त्यांना ते फडकं दिलं.

मृगात मी बी कोमट पाण्यात भिजवून पेरलं. काही रोपं आकाशी गोकर्ण म्हणून विकली, शब्द देऊन. बाकीची मांडवावर चढवली आणि कळ्यांची वाट पाहू लागलो. पहिली कळी उमलली ती गर्द निळी. दुसरी निळी. माझ्या मांडवावरची प्रत्येक वेल कुंपणावरच्या कुठल्याही गोकर्णीसारखी निळीशार फुलली. गिऱ्हाइकं येऊन तोंडावर बोलून गेली.

त्याच आठवड्यात पलीकडच्या नव्या भिंतीवरून एक कोवळा शेंडा डोकावला. शेंड्याला फूल होतं. फिकट, धुक्याच्या रंगाचं.

मी फाटकातून आत गेलो. काकूंच्या अंगणात डालड्याच्या डब्यात ती वेल होती. काकू पाटावर बसून वाती वळत होत्या.

"फडक्यात शेंग होती रे," त्या म्हणाल्या. "घाईत गेले तेव्हा एक पुरचुंडी सोडायची राहिली. आतल्या आत फुटून बी सांडलं होतं. टाकवेना, म्हणून पेरलं."

"त्यात भुंगा गेलाच नव्हता."

"कसा जाईल? मी बांधलं होतं."

मी घरी येऊन एक कळी घेतली, उद्या उमलणारी, आणि नखाने उकलली. आत पीठ केव्हाच सांडलेलं होतं. फूल उघडायच्या आधीच, मिटलेल्या अंधारात, गोकर्णीने स्वतःचं स्वतःशी उरकायची सोय करून ठेवली होती. शेंग धरायला तिला भुंग्याची गरज नव्हती. भुंगा आणत होता ते दुसरीकडचं, माझ्याच मांडवावरच्या निळ्या वेलींचं पीठ; ते आलं की तिचं घरचं पीठ मागे पडत होतं, आणि निळ्यापुढे फिकटाचं काही चालत नव्हतं. मी सगळा हंगाम बसून, दोरे बांधून, भांडून, ज्या फुलांत निळा रंग शिरला नेमकी तीच माझ्या वाट्याला घेतली होती. आकाशी रंग जसाच्या तसा राहिला तो काकूंच्या धोतराच्या तुकड्यात.

शेंगा वाळल्या तेव्हा मी पुन्हा त्यांच्याकडे गेलो.

"बी द्या, काकू. काय घ्याल?"

"पैसे नकोत. तुझ्याकडे वेल फुलली की रोज पहाटे कोरी फुलं मला आणून द्यायची. तू स्वतः. आंघोळ करून."

"सोमवारी आणीन."

"रोज."

"श्रावणात रोज, एरवी सोमवारी."

"आणि कार्तिकात?"

"कार्तिकातही सोमवारीच."

मी उठलो आणि फाटकाकडे चालू लागलो. पाठ फिरवली होती, मागे पाहिलं नाही. फाटक आलं. रस्ता आला. गल्लीचं वळण आलं. हाक आली नाही. मी वळणावर थोडा वेळ उभा राहिलो, मग परत गेलो.

"रोज," मी म्हटलं.

"हं," काकू म्हणाल्या आणि पुरचुंडी माझ्या हातात ठेवली.

काकू होत्या तोवर हंगामात रोज पहाटे, ओल्या केसांनी, परडी घेऊन मी त्या भिंतीला वळसा घालून गेलो. माझ्यासारख्या माणसाला त्या वेळी त्या वेषात पाहून लोक विचारणारच. काकू दारातून परस्पर उत्तर द्यायच्या, "माझ्या गोकर्णीची फुलं आणतो तो." तिथून ते नाव पसरलं. मी किती वेळा सांगितलं असेल की वेल माझी, पण परडी हातात असलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

बियाण्याच्या वेली मी अजून तशाच सांभाळतो. संध्याकाळी कळ्यांना मलमल बांधायची, आणि फूल मिटलं की सोडायची. बाकीची फुलं भुंग्यांना मोकळी. सकाळी ऊन पडलं की एखादा भुंगा पाठीवर पीठ घेऊन त्या पांढऱ्या पुरचुंडीभोवती घिरट्या घालतो, फडक्याला धडक देतो, पुन्हा मागे येतो. त्याचा तो राग मला समजतो. मी चहा घेऊन त्याच्यासमोर बसतो आणि चहा गार होतो.